आपल्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मोठ्या सिस्टर ३१ मेला निवृत्त होताहेत, काय करूया?

अनेरकाठ | ११ मे, रात्री ९:५०

मंडळी, धागा तसा गावापुरता आहे. पण इथे शिरपूर-चोपडा भागातले बरेच जण आहेत आणि आपल्या पीएचसीच्या बाकावर सगळेच कधी ना कधी बसलेत, म्हणून इथेच टाकतो.

मोठ्या सिस्टर ३१ मेला रिटायर होताहेत. जन्मतारीख १ जून. (आपल्याकडे अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जूनच आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. त्यामुळे ३१ मेला झेंडूच्या हाराचा भाव विचारू नका.) त्या १९९० ला लागल्या तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता, सगळं धुळे जिल्हा परिषदेत. पहिली ऑर्डर अक्राणीची, धडगावच्याही वर. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळं झालं, त्या धुळ्याकडे राहिल्या. आपल्याकडे आल्यावर मधे दोनदा बदली झाली आणि दोन्ही वेळा फिरून इथेच.

बाकीच्या बातम्या: नव्या डॉक्टर मॅडम रुजू झाल्यात, बंधपत्रित आहेत (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी नोकरीला बांधलेल्या), लातूरकडच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी उष्माघाताच्या खोलीत कूलर सुरू करून घेतला, जो मागच्या उन्हाळ्यापासून खोक्यात होता. सिस्टरांच्या जागी नवीन मुलीची ऑर्डर निघालीय. जागा रिकामी राहणार नाही, हे आपल्याकडे नवलच.

तर निरोप कसा द्यायचा? सुचवा.

शेवभाजी_जादा_तिखट | ११ मे, रात्री १०:०५

जेवण पाहिजेच. पाचशे माणसाचं भरीत-पुरी. आचारी माझ्याकडे लागला.

तापीमाय | ११ मे, रात्री १०:२०

मे महिन्यात भरीत? भाऊ, भरताचं वांगं हिवाळ्याचं. या दिवसात भरीत केलं तर नुसत्या बिया खाव्या लागतील. रस आणि खापरावरचे मांडे करा. आंबे आहेत, आखाजी (अक्षय तृतीया) होऊन गेली तरी बायकांचा हात अजून गेलेला नाही.

आणि सासूबाई शेजारी बसल्यात, त्यांचं जसंच्या तसं टाइप करते: “मोठी नर्सबाई जाई ऱ्हायनी? मना तिन्ही पोरे तिनाच हातवर व्हयनात.”

पुढचं मराठीत सांगते, नाहीतर पुणेवाले भाषांतर मागतील. यातला तिसरा म्हणजे आमचे हे. जन्मले तेव्हा रडले नाहीत. बाहेर आजेसासूबाई काशाची थाळी बडवत होत्या, बाळ रडावं म्हणून. सिस्टरांनी आतून ओरडून सांगितलं, “थाळी बंद करा, मला श्वास ऐकू द्या.” नळीने तोंडातली घाण ओढली, पाठ चोळली, मग फुग्याने हवा देत राहिल्या. सासूबाई म्हणतात त्या मोजत होत्या, मोठ्याने, शाळेतल्यासारखं. हे रडले. अजूनही रडतात, पण ते वीजबिल आल्यावर.

कापूस_सरकी | १२ मे, सकाळी ७:१५

माझं पण लिहून घ्या. तीन वर्षांपूर्वी, जुलै महिना, कपाशी निंदताना पायाला काहीतरी चावलं. मी म्हटलं काटा. गडी म्हणाला घोणस, त्याने शेपटी पाहिली. मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. वाटेत दोघांनी सांगितलं की अमुक देवाजवळ न्या, उतरतं.

डॉक्टर त्या वेळी मीटिंगला तालुक्याला. सिस्टरांनी पाय हलवू दिला नाही, फळीला बांधला. कोणीतरी वर आवळून बांधलेला रुमाल होता तो सोडायची तयारी आधी केली, सलाईनची सुई लावून ठेवली आणि डॉक्टरांना फोनवर घेतलं. मग काचेच्या कोरड्या नळीत माझं दोन मिली रक्त काढलं आणि टेबलावर ठेवून दिलं. घड्याळ काढून शेजारी ठेवलं. म्हणाल्या, वीस मिनिटं कोणी या नळीला हात लावायचा नाही. त्या वीस मिनिटांत माझी बायको, माझा भाऊ, शिपाई, सगळे त्या नळीकडे बघताहेत. कोणी बोलेना. वीस मिनिटं झाल्यावर सिस्टरांनी नळी एकदाच आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलं होतं.

डॉक्टरांनी फोनवर “सुरू करा” म्हटलं. सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या सलाईनमधून. मग १०८ ने धुळ्याला हिरे मेडिकलला. तिथले डॉक्टर चिठ्ठी वाचून म्हणाले, सगळं वेळेवर झालंय. त्या चिठ्ठीवर चावल्याची वेळ, नळी ठेवल्याची वेळ, औषध सुरू केल्याची वेळ, सगळं मिनिटावारी लिहिलेलं होतं. मी ती चिठ्ठी सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवलीय.

रोखठोक | १२ मे, सकाळी ८:४०

सगळं खरं असेल, पण सत्कार कशासाठी? पगार घेतला ना? आम्ही वेल्डिंग करतो, आम्हाला कोणी शाल दिली का? आणि त्याच पीएचसीत सात महिने डॉक्टर नव्हता तेव्हा गावाने काय केलं? व्हॉट्सअॅपवर बोटं दुखेपर्यंत लिहिलं. मांडे खायला पाचशे येतील, रुग्ण कल्याण समितीच्या मीटिंगला पाच येत नाहीत.

पुण्यातला_खान्देशी | १२ मे, दुपारी १:१०

रोखठोकभाऊ, मुद्दा बरोबर, पण सूर जरा खाली घ्या.

मला सिस्टर म्हटलं की पोलिओचा रविवार आठवतो. मी लहान होतो, पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं त्याच्या पुढचीच वर्षं. डाव्या करंगळीला शाई लावायच्या. आम्ही पोरं ती चाटून पुसायचो आणि पुन्हा रांगेत उभे राहायचो, दोन थेंबांसाठी नाही, सिस्टर गोळी द्यायच्या म्हणून. त्यांना चेहरे पाठ. “तू मघाशी येऊन गेला, आईला सांगू?” २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याची बातमी मी ऑफिसात वाचली आणि खरं सांगतो, मला ती करंगळी आठवली.

पैसे कुठे पाठवू? क्यूआर कोड टाका.

अनेरकाठ | १२ मे, दुपारी २:००

क्यूआर नको. मागच्या मंदिराच्या वर्गणीचा हिशोब अजून चौकात चाललाय. आधी ठरवू काय करायचं, मग पैसे.

आस्थापना_टेबल | १२ मे, सायंकाळी ६:३०

मी जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त. सोन्याची अंगठी वगैरे कोणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, मोठी भेटवस्तू घेतली की परवानगीची भानगड. शेवटच्या महिन्यात त्यांचं पेन्शनचं प्रकरण टेबलावर असणार, त्यात आपण खडा टाकायला नको. शाल, श्रीफळ, पुस्तक, एवढ्यावर ठेवा.

केळीचा_घड | १२ मे, रात्री ८:१५

रावेरहून. विषयाला सोडून विचारतो, पण इथे माहीतगार दिसताहेत. बहिणीचे दिवस भरलेत. गाडी बोलवायची तर १०२ की १०८? गावात दोन्ही बाजूने भांडणं आहेत.

लसीचा_डबा | १२ मे, रात्री ८:५०

दादा, बाळंतपणाला न्यायला, परत घरी सोडायला आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला १०२, पैसे लागत नाहीत. अपघात, छातीत दुखणं, किंवा बाईला झटके आले, रक्त फार जातंय असं काही असेल तर थेट १०८. आणि तुमच्या आशाताईचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइल ऐनवेळी लॉक होतो.

आता सिस्टरांविषयी. मी आशा आहे, २००९ पासून. (२०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. त्या महिन्याचं मानधन उशिराच आलं, पण पेढे वाटले.) मला सगळं काम त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी लसीचा डबा भरायला घेतला. मी फ्रीजरमधून आइसपॅक काढले आणि तसेच डब्यात घालायला लागले, वाटलं जितकं गार तितकं चांगलं. त्यांनी माझा हात धरला. चारही पॅक टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, बस. बसलो. थोड्या वेळाने एक पॅक उचलून माझ्या कानाशी हलवला. “ऐकू येतं?” नाही. पुन्हा बसलो. मग हलवला तर आत पाणी डुचकळलं. “आता भर. कडक बर्फ घातला तर त्रिगुणी (डीपीटी) लस गोठते. गोठलेली लस टोचली तर पोर रडतं आणि उपयोग शून्य.” आजही मी आइसपॅक कानाला लावते तेव्हा नवीन मुली हसतात.

आणि वरच्या पाड्यांवर सिकलसेल (आईबापाकडून पोरात येणारा रक्ताचा आजार) समजावायची त्यांची पद्धत. पावरी बोली त्या अक्राणीत शिकल्या, अगदी घरच्यासारखी बोलतात. ज्या जोडप्यात दोघं वाहक निघाले, त्यांच्यापुढे बसायच्या. नवऱ्याच्या मुठीत एक ज्वारीचा दाणा आणि एक सरकी, बायकोच्या मुठीतही तसंच. मग म्हणायच्या, डोळे मिटून एकेक काढा. दोन्ही ज्वारी आली तर पोर ठणठणीत. एक-एक आलं तर तुमच्यासारखं. दोन्ही सरकी आली तर पोराला आजार. असं चार-पाच वेळा खेळायला लावायच्या आणि सांगायच्या की प्रत्येक बाळंतपणात हा डाव नव्याने मांडला जातो, मागचं पोर चांगलं निघालं म्हणून पुढचं निघेल असं नाही. २०२३ ला देशाचं सिकलसेल अभियान सुरू झालं तेव्हा भारी पोस्टर आले. पाड्यावरच्या बाया अजून विचारतात, सरकीवाल्या बाई कधी येणार?

एक विनंती. स्टेजवर बोलवाल तर उपकेंद्रातल्या अर्धवेळ परिचर बाईंनाही बोलवा. बाळंतपणानंतरची फरशी पुसणारा माणूस फोटोत कधीच नसतो.

शेवभाजी_जादा_तिखट | १२ मे, रात्री ९:१०

परिचर बाईंचं शंभर टक्के. आणि मांडे मान्य. पण दुसऱ्या दिवशी शेवभाजी.

अनेरकाठ | १५ मे, रात्री १०:३०

काल सिस्टरांना भेटलो. धागा त्यांच्या पुतण्याने दाखवलाय, सगळं वाचलंय. थाळीचं वाचून हसल्या. म्हणाल्या, शाल आणू नका, घरी गोधडीला पुरतील इतक्या झाल्यात. मी म्हटलं मग काय देऊ? त्या उठल्या, चला म्हणाल्या, आणि क्वार्टरवर घेऊन गेल्या.

मी त्या क्वार्टरच्या ओट्यावर पन्नास वेळा गेलो असेन, आत कधी गेलो नव्हतो. मागे न्हाणीघर. पत्र्याचं दार, खालून गंजून जाळी झालेलं. कडी आहे, पण कोयंडा लाकडी चौकटीसकट कुजून पडलाय. कडी लावायची कुठे? दाराशी एक लोखंडी बादली. म्हणाल्या, पाण्याने काठोकाठ भरायची आणि आतून दाराला लावायची, की दार उघडत नाही. नऊ वर्षं असंच. मी विचारलं, सांगितलं का नाही? “वर दोनदा अर्ज दिला. मग सवय झाली. मला कोण बघतंय, मी म्हातारी.”

मग खरी गोष्ट सांगितली. मागच्या आठवड्यात नवीन सिस्टर जागा बघायला आली होती, वडिलांना घेऊन. पंचवीसची असेल. चहा झाला, दवाखाना बघितला, खूश होती. मग वडील न्हाणीघराकडे हात धुवायला गेले. त्यांनी दार बघितलं, बादली बघितली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांनी शिरपूरला खोली घेतली. म्हणजे रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर आणि रात्री पीएचसीला सिस्टर नाही.

“मला निरोप द्यायचाच असेल तर तिला दार द्या,” एवढंच म्हणाल्या. आणि ओपीडीची वेळ झाली म्हणून गेल्या.

पुण्यातला_खान्देशी | १५ मे, रात्री ११:०५

नऊ वर्षं. आपण गावात येऊन त्यांच्या ओट्यावर चहा पिऊन जातो.

तापीमाय | १६ मे, सकाळी ६:४०

मला माहीत होतं. आम्हा बायकांना माहीत असतं. बोलायला हवं होतं, नाही बोललो.

रोखठोक | १६ मे, सकाळी ७:०५

माप कोणी घेतलं का? नसेल तर आज दुपारी मी जातो. चौकट लाकडी नको, पुन्हा कुजेल. अँगलची करतो, दार नवीन, आतून दोन कड्या, एक वर एक खाली. लोखंड माझं, मजुरी माझी. सत्काराला मी येणार नाही, आग्रह करू नका.

आस्थापना_टेबल | १६ मे, सकाळी ९:३०

थांबा. सरकारी इमारत आहे, उद्या कोणी विचारलं की दार कोणी बदललं तर बिचाऱ्या डॉक्टर मॅडम अडचणीत. सोपा मार्ग आहे. मॅडमनी रुग्ण कल्याण समितीत विषय ठेवायचा, “ग्रामस्थांच्या श्रमदानातून निवासस्थान दुरुस्ती”, इतिवृत्तात नोंद. जुनं दार फेकायचं नाही, नोंद करून ठेवायचं. ग्रामपंचायतीनेही ठराव घ्यावा, म्हणजे पुढची मोठी दुरुस्ती वित्त आयोगाच्या निधीत बसवता येते का ते बघता येईल. मसुदा मी लिहून देतो, अर्धा तास लागेल. आणि या वेळी मीटिंगला पाचापेक्षा जास्त माणसं या, रोखठोक म्हणतात ते मलाही लागलंय.

लसीचा_डबा | १६ मे, सकाळी १०:००

दाराबरोबर हेपण लिहा: क्वार्टर ते दवाखाना वाटेवर दिवा नाही. दोन्ही बाजूला गवत आणि बोरीची झुडपं. रात्री बाळंतपणाला बोलावलं की सिस्टर एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन यायच्या. कापूसभाऊंना विचारा गवतात काय असतं.

कापूस_सरकी | १६ मे, सकाळी १०:२०

गवत माझ्याकडे. रोटाव्हेटर आणतो.

केळीचा_घड | १९ मे, रात्री ९:००

मुलगी झाली. १०२ पंचवीस मिनिटांत आली. धन्यवाद ताई. बोरीच्या वाटेसाठी सोलर दिवा माझ्याकडून, मामा झाल्याचा.

अनेरकाठ | २६ मे, रात्री ११:१५

हिशोब न मागता देतो. समितीची मीटिंग झाली, एकतीस जण आले, खुर्च्या कमी पडल्या, डॉक्टर मॅडमना वाटलं मोर्चा आलाय. दार बसलं. रोखठोकभाऊंनी रंगही दिला, आकाशी. न्हाणीघराच्या भिंतीला गिलावा झाला, नळ बदलला. वाटेवर दिवा लागला, सोलरचा खांब उभा करताना खड्डा एकदा चुकला म्हणून तो थोडा पीएचसीकडे झुकलाय, पण उजेड पडतो. क्वार्टरच्या छताची एक गळती राहिलीय, पाऊस यायच्या आत करू. पैसे फारसे लागलेच नाहीत. जे थोडे जमले त्यात मांड्यांचं तूप.

नवीन सिस्टरच्या वडिलांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर: “कड्या दोन आहेत का?” हो म्हटलं. मग एवढंच आलं: “बरं.”

तापीमाय | १ जून, सकाळी ८:००

कालचं कोणी लिहिणार आहे की मी लिहू?

रस संपला, मांडे उरले, दरवेळी उलटं होतं. उकाडा एवढा की माइकवाला दोनदा सावलीत पळाला. परिचर बाईंना सिस्टरांच्या शेजारी खुर्ची दिली, त्या शेवटपर्यंत टोकावरच बसल्या, पदर सावरत. सिस्टर जेमतेम दोन मिनिटं बोलल्या. त्यातलं एक मिनिट महिन्याच्या नऊ तारखेच्या गरोदर मातांच्या तपासणीला कोण कोण चुकलं त्यांची नावं वाचण्यात गेलं. नावं घेतलेल्या दोघी मंडपातच मांडे करत होत्या.

रोखठोकभाऊ आले नाहीत. पण मंडपाच्या मागे ट्रॅक्टरवर बसलेले मी पाहिले.

रोखठोक | १ जून, सकाळी ८:२५

ट्रॅक्टर तिथे आधीपासून उभा होता.

आस्थापना_टेबल | १ जून, सकाळी ११:४०

चार्ज देताना मी हजर होतो, गंमत सांगतो. सिस्टरांना ती लोखंडी बादली घरी न्यायची होती, आठवण म्हणून. डेडस्टॉक रजिस्टर (सरकारी सामानाची नोंदवही) उघडलं तर बादली त्यात चढलेली. नेता येईना. मी म्हटलं, निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून कमी करून घेऊ. त्या म्हणाल्या, राहू द्या, नियम तो नियम. मग यादीत शेवटून दुसरी ओळ, “लोखंडी बादली, नग १, सुस्थितीत”. नवीन सिस्टरने सही केली आणि विचारलं, ही कशासाठी?

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, पाणी भरायला.

कापूस_सरकी | २ जून, सकाळी ७:३०

दिवा बसवताना आणलेली शिडी कोणाची आहे? आमच्या खळ्यात पडलीय. आभाळ आलंय, आज-उद्यात छताची गळती बघायची असेल तर मीच घेऊन येतो.